'शांती करणे' म्हणजे नक्की काय करायचे?

विचारणा
बायबलमध्ये येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५:९) 'शांती करणारे' धन्य म्हटले आहेत. आपण शांत बसतो, शांत राहतो, रडणाऱ्याला शांत करतो. पण 'शांती करणे' एरवी कोणाच्या तोंडी येत नाही. मी आजवर त्याचा अर्थ 'भांडण टाळणारे' असाच धरला. धाकट्या बहिणीशी माझं तीन वर्षांत भांडण झालेलं नाही, आणि बोलणंही झालेलं नाही. याला शांती म्हणायचं का?

प्रतिसाद १
नाही म्हणता येणार. मूळ ग्रीक शब्द 'एइरेनोपोइओस'. 'एइरेने' म्हणजे शांती आणि 'पोइएओ' म्हणजे करणे, घडवणे. नव्या करारात हा जोडशब्द एवढ्या एकाच ठिकाणी आहे, म्हणून मराठीतही तो कानाला वेगळा लागतो. भाषांतरकारांनी 'शांतताप्रिय' लिहिलं नाही याचं मला फार बरं वाटतं. शांतता प्रिय असायला काही करावं लागत नाही.

दुसरं असं, की नुसतं थांबणं सांगायला ग्रीकमध्ये निराळा शब्द आहे. येशू वादळाला दटावतो (मार्क ४:३९) तेव्हा समुद्रावर जे पसरतं ते 'गालेने'. मराठी बायबलात तिथे 'निवांत' असं भाषांतर आहे. वारा पडला, लाटा बसल्या. तुमचं तीन वर्षांचं गप्प राहणं या निवांतपणाच्या जवळचं आहे, एइरेनेच्या नाही.

प्रतिसाद २
ग्रीकच्या मागे जुन्या कराराच्या भाषेतला, हिब्रू 'शालोम' उभा आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. त्याच्या धातूत पुरेपणाचा, काही उणं नसण्याचा अर्थ आहे. म्हणून तो आपल्या 'खुशाली'सारखाही वापरतात. दावीद राजा रणांगणावरून आलेल्या उरीया या सैनिकाला लढाईचा 'शालोम' विचारतो (२ शमुवेल ११:७)! लढाईत कसली आली शांतता? तो विचारतो, सगळं ठीक चाललंय ना.

उत्पत्ती ३७ तर घराघरातलं आहे. चौथ्या वचनात योसेफाचे भाऊ त्याच्याशी शालोमने बोलू शकत नाहीत, एवढा द्वेष. आणि चौदाव्यात बाप त्याच योसेफाला सांगतो, जा, भावांचा शालोम बघून ये. जे धड बोलतही नाहीत त्यांची खुशाली आणायला!

याच धातूचं क्रियापद 'शिल्लेम', म्हणजे भरपाई करणे, फेडणे. चोरलेला बैल कापला किंवा विकला तर एकाच्या जागी पाच द्यायचे, मेंढराला चार (निर्गम २२:१), तिथे हेच क्रियापद येतं. आपण 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणतो तेव्हा उणं तसंच राहतं. शालोममध्ये ते भरून द्यावं लागतं.

विचारणा करणारी
हे वाचून थांबले. आईच्या आजारपणात रात्री जागल्या त्या बहिणीने, आणि नातेवाइकांपुढे मी म्हणाले, 'आम्ही दोघींनी केलं.' ती तेव्हा काही बोलली नाही. नंतर कधीच बोलली नाही. पण मी पुढे झाले आणि तिला नकोच असेल तर?

प्रतिसाद १
रोमकरांस पत्रात (१२:१८) पौलाने ती मोकळीक ठेवली आहे: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके. तिच्या वाट्याचा हिशेब तुमच्याकडे मागितलेला नाही. मात्र पहिलं पाऊल कोणाचं, हे मत्तय ५:२३-२४ मध्ये स्पष्ट आहे. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे, असं तिथे म्हटलेलं नाही.

प्रतिसाद ३
कलस्सैकरांस पत्रातलं एक वचन (३:१५) राहिलं. 'ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो' असं आपण वाचतो, पण तिथलं ग्रीक क्रियापद 'ब्राबेउओ' खेळातल्या पंचाचं आहे, निर्णय देणाऱ्याचं. मला स्वतःला हा अर्थ रोज उपयोगी पडतो. मन दोन्ही बाजूंनी वाद घालतं, तेव्हा निकाल मी देत नाही.

विचारणा करणारी
आजवर मी तिला 'सगळं विसरून जाऊ' एवढाच निरोप पाठवत आले. त्यात भरपाई काहीच नव्हती. आधी त्या नातेवाइकांना फोन करते आणि रात्री कोण जागलं ते सांगते. मग तिला.