बोलीतल्या माणसांची कथा, मग निवेदन प्रमाण मराठीत का?

पैनगंगा : एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचं पहिलं वाचन सध्या माझ्याकडे आहे. एक गोष्ट सारखी खटकते आहे, म्हणून हा धागा. पात्रं वऱ्हाडीत, मालवणीत झकास बोलतात, आणि अवतरणचिन्ह मिटलं की निवेदक पाठ्यपुस्तकातलं मराठी सुरू करतो. सासू म्हणते, "काहून वं, लाकडं वली हायेत काय?" आणि लगेच पुढे, "तिच्या मुद्रेवर विषण्णतेची छटा उमटली." ही छटा बघतंय कोण? चुलीपाशी तर सासू-सून दोघीच आहेत. माझं स्पष्ट मत : कथा पात्राच्या मनातून चालली असेल तर निवेदनानेही त्याच्या बोलीत यावं. नवीन लिहिणाऱ्यांनी हे धाडस करायलाच हवं.

मुद्रितशोधक : असहमत. "विषण्णतेची छटा" हे वाईट प्रमाण मराठी आहे, त्याचा दोष प्रमाण मराठीवर टाकू नका. चांगला संपादक ते वाक्य सरळ काढून टाकेल.

अख्खं निवेदन बोलीत आलं की दोन अडचणी येतात. एक, सावंतवाडीच्या वाचकाला बुलढाण्याची कथा वाचताना शब्दागणिक थांबावं लागतं आणि गोष्ट हातातून सुटते. दोन, लेखन. एकाच कथेत "राहिला", "राह्यला", "रायला" अशी तिन्ही रूपं मी दुरुस्त केली आहेत, आणि लेखकाला विचारलं तर त्यालाही नक्की सांगता आलं नाही. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६०ची. संवाद अस्सल वऱ्हाडी, निवेदन प्रमाणाकडे झुकलेलं. तिची नायिका कौतिक त्यामुळे आपल्यापासून दूर गेली का?

पैनगंगा : नाही गेली, मान्य. पण 'धग'चं निवेदन कौतिकच्या संसारातच पाय रोवून उभं असतं. माझ्याकडे आलेल्या कथांत निवेदक दर दोन परिच्छेदांनी गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसतो आणि तिथून खाली बघतो.

कऱ्हाकाठ : दोघेही भाषेपासून सुरुवात करताय. आधी विचारा, सांगतोय कोण? व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सांगतो तो मास्तर. तो बाहेरून आलेला, शिकलेला तरुण पोरगा. प्रमाण मराठी ही त्याची स्वतःची भाषा आहे आणि धनगरांची बोली त्याच्या कानावर पडते आहे. त्या दोन भाषांमधलं अंतर हाच तर कादंबरीचा विषय. तिथे निवेदन माणदेशीत लिहिलं असतं तर मास्तर उरलाच नसता. उलट गो. नी. दांडेकरांच्या 'पडघवली'त अंबावहिनी स्वतः सांगते, म्हणून कोकणचा हेल निवेदनातच आहे. सांगणारा पक्का झाला की भाषा आपोआप ठरते.

पैनगंगा : प्रथमपुरुषी निवेदनात हे सोपं आहे, दादा. माझं अडतं ते तृतीयपुरुषात, जिथे सांगणाऱ्याला नावच नसतं. चुलीचा तोच प्रसंग तीन तऱ्हांनी लिहून बघते.

"लाकडे ओली असल्यामुळे चूल पेटत नव्हती व घरात धूर साचला होता."

"चूल काही पेटेना. लाकडं वली. घरभर नुसता धूर."

"सुमननं चूल पेटोली, पण लाकडं वली व्हती, तं घरात धूरच धूर झाला."

पहिल्यात सुमन कुठेच नाही. "असल्यामुळे" म्हणणारा कारण सांगतोय, त्याचे डोळे चुरचुरत नाहीत. तिसऱ्यात आहे ती.

मुद्रितशोधक : मग दुसरं वाक्य का सोडताय? मला तेच सगळ्यात सरस वाटतं. बोलीतला एकच शब्द आहे, तरी सुमनचा वैताग पूर्ण पोचतो, कारण वाक्यं तिच्या श्वासाइतकी आखूड आहेत. बोली वाक्याच्या ठेवणीत आणा, प्रत्येक शब्दाचं लेखन मोडायची गरज नाही. लिहिणाऱ्यांना मी हेच सांगत आलोय.

जुनी_वाचक : मुद्रितशोधकांना +१. वाचक म्हणून तिसऱ्या तऱ्हेची एक कथा मी आवडीने वाचेन. अख्खा अंक तसा असेल तर नाही वाचणार.

वाघूर : माझ्या घरात अहिराणी बोलतात, म्हणून थोडं जास्त लिहितो. दुसरी तऱ्हा सुरेख आहे, पण ती वाचकाच्या सोयीची तडजोड आहे हे आधी मान्य करा. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणात ठेवलं की लेखक नकळत एक गोष्ट सांगून जातो : भांडायची भाषा ती, आणि विचार करायची भाषा ही. माझी आई बँकेच्या हप्त्यांचा हिशेब अहिराणीत करते, कीर्तन ऐकून आल्यावर मरणाबद्दल अहिराणीत बोलते. कथेत मात्र अहिराणी येते ती फक्त शिवी द्यायला, रडायला, नाहीतर दुष्काळ पडला की. बोलीत शांत, लांब, गुंतागुंतीचा विचार करणारं पात्र किती कथांत सापडतं? ते लिहायचं तर निवेदन बोलीत न्यावंच लागेल. जिथे विचार चालतो ती जागा निवेदनच आहे.

आणि सावंतवाडीच्या वाचकाचं म्हणाल, तर आम्ही शाळेत पुण्याची भाषा शब्दागणिक थांबतच शिकलो.

मुद्रितशोधक : विचार करायच्या भाषेचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण वाचकाला शाळेत बसवता येत नाही, तो अंक मिटून ठेवतो. आणि शुद्धलेखनाचं काय? तुमच्याकडेच जळगावची आणि धुळ्याची बोली सारखी नाही. अंकात चार कथा चार लेखनपद्धतींनी छापायच्या का?

कऱ्हाकाठ : छापा की. कथेपुरती एकच पद्धत असली की झालं. लेखकाने कथेबरोबर त्यातल्या क्रियापदांच्या रूपांचा तक्ता पाठवावा, मुद्रितं त्यावरून तपासावीत.

मुद्रितशोधक : तक्ता चालेल, पण तो अंकाने ठरवावा. एका बोलीला एक तक्ता.

वाघूर : तिथेच माझा विरोध आहे. तो अंकाच्या कार्यालयात ठरला की बोलीचंही एक प्रमाण तयार होणार, आणि माझ्या आईची रूपं पुन्हा 'चूक' म्हणून लाल शाईत येणार. तक्ता लेखकाचाच हवा, त्याच्या गावच्या उच्चारावर बेतलेला.

पैनगंगा : माझ्याकडच्या दोन कथा तशा करून बघते. लेखकांना आजच तक्ते मागवलेत, आणि निवेदनातला सुनेचा विचार तिच्याच बोलीत लिहून पाठवा असंही कळवलंय. मुद्रितशोधक, त्यांची मुद्रितं तुम्हीच तपासाल का? तुम्ही जिथे जिथे अडाल तिथे नुसती खूण करा, दुरुस्ती नको.