लोहावरून ताऱ्याचे वय कळते, तर ते वेगळे का मोजतात?

अनिकेत, फोंडा:
नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताऱ्यांच्या स्फोटांतून वायूत लोह साठत जाते, म्हणून लोह कमी असलेले तारे जुने आणि जास्त असलेले नवे, असे आम्हाला शिकवले जाते. तसे असेल तर वर्णपटावरून लोहाचे प्रमाण काढले की वय आपोआप कळायला हवे. मग अभ्यासक ते वेगळे मोजण्याचा खटाटोप का करतात?

मीनल, म्हापसा:
लोह किती लवकर साठते हे त्या ठिकाणी तारे किती झपाट्याने जन्मतात यावर अवलंबून असते. आकाशगंगेच्या गजबजलेल्या मध्यभागात ते फार लवकर वाढले, तर एखाद्या खुज्या दीर्घिकेत (म्हणजे ताऱ्यांच्या लहान समूहात) आजही तुटपुंजेच आहे. म्हणून लोहाच्या जोडीला मॅग्नेशियम मोजतात. ते जवळजवळ सगळे वजनदार ताऱ्यांच्या स्फोटांतून येते आणि हे तारे जन्मल्यापासून चार-पाच कोटी वर्षांच्या आतच फुटतात. लोहाचा मोठा वाटा मात्र श्वेत बटूंच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांच्या, स्फोटांतून येतो, ज्यांना कधी दहा कोटी, तर कधी अब्जाहून अधिक वर्षे लागतात. त्यामुळे लोहाच्या मानाने मॅग्नेशियम भरपूर असलेला तारा आढळला, तर हे उशिराचे लोह मिसळण्यापूर्वीच तो घडला असे समजावे. यातून घडणीचा वेग कळतो, काळ नाही.

अनिकेत, फोंडा:
मग काळ कशावरून ठरवतात?

सदानंद, मडगाव:
अनिकेत, खरी अडचण तिथेच आहे, कारण सूर्यासारखा तारा अब्जावधी वर्षे फारसा बदलत नाही. ज्यांच्या गाभ्यातला हायड्रोजन नुकताच संपला आहे, अशा ताऱ्यांचे तेज मात्र वयानुसार स्पष्टपणे वेगळे असते आणि ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्या गाया यानाने ती अचूक दिल्यामुळे हे तेज नेमके मोजता येऊ लागले. शियांग आणि रिक्स या खगोलशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये अशा सुमारे अडीच लाख ताऱ्यांची वये मांडली. त्यांवरून आकाशगंगेची जाड तबकडी (तिच्या चपट्या भागातला जुन्या ताऱ्यांचा जाडसर थर) सुमारे १३ अब्ज वर्षांपूर्वी घडू लागली आणि सुमारे ११ अब्ज वर्षांपूर्वी तिथे ताऱ्यांच्या जन्माला उधाण आले, असे दिसते. साधारण त्याच काळात गाया-एन्सेलाडस ही लहान दीर्घिका आपल्या आकाशगंगेत विलीन झाली.

अशा विलीन झालेल्या दीर्घिकेचा एक संभाव्य अवशेष तुम्हाला स्वतः पाहता येईल. मे महिन्यात, ढग दाटण्यापूर्वी, काणकोणकडच्या अंधाऱ्या जागेवरून रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला खाली दुर्बीण लावावी. ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ धूसर ठिपक्यासारखा दिसतो. त्याच्या ताऱ्यांतील लोहाचे प्रमाण एकसारखे नसल्यामुळे तो गिळल्या गेलेल्या दीर्घिकेचा गाभा असावा, असे बरेच अभ्यासक मानतात.

मीनल, म्हापसा:
सदानंदसरांच्या उत्तराला एक पुरवणी. वय आणि रसायन दोन्ही हाती असले, तरी तारा आज जिथे दिसतो तिथेच जन्मला असे धरू नये. सूर्यातील लोह शेजारच्या समवयस्क ताऱ्यांच्या सरासरीहून थोडे अधिक आहे, त्यामुळे तोही आकाशगंगेच्या आतल्या भागातून सरकत आला असावा, असे अनुमान केले जाते.