मदत हवी आहे: गेमिंग कॅफेच्या मशीनवर लिनक्स टाकलं, गेम सुरूच होत नाहीत

घणसोली_कॅफे:
अर्जंट आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माझ्या मशीनवर ११ चढत नाही आणि दहाच्या दहा पीसी नवीन घेणं मला परवडणारं नाही, म्हणून एका मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकून बघितली. स्टीम, म्हणजे गेम विकत घेऊन चालवायचं अ‍ॅप, आलं, लॉगिन झालं, गेम लायब्ररीत दिसतायत, पण प्ले दाबलं की बटण निळं होतं, दोन सेकंद तसंच राहतं आणि परत हिरवं. एरर वगैरे काहीच नाही. तीन रात्री गेल्या यात. मे महिन्याच्या सुट्टीत पोरं यायच्या आत सगळ्या मशीन करायच्यात. विकतचे गेम लिनक्सवर खरंच चालतात की यूट्यूबवाले उगाच सांगतात?

कोपरीकर:
चालतात. पण कुठला गेम, कुठलं कार्ड, गेम कुठल्या डिस्कवर आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

घणसोली_कॅफे:
सगळेच गेम. ग्राफिक्स कार्ड एनव्हीडिया.

खारेगाव_९०:
इथेच घोळ आहे. एनव्हीडिया काढा आणि एएमडी टाका. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. मी दोन वर्षांपूर्वी बदललं, तेव्हापासून एकदाही त्रास नाही.

घणसोली_कॅफे:
दादा दहा कार्ड घ्यायला पैसे असते तर नवीन पीसीच घेतले असते ना. १०५० टीआय आहे सगळीकडे, प्रोसेसर आय५ सातवी जनरेशन.

जुना_पेंग्विन:
कार्डाचा दोष नाही, १०५० टीआय एनव्हीडियाच्या ५८० आवृत्तीच्या ड्रायव्हरवर चालतं. फक्त त्यापुढचे ड्रायव्हर या पिढीच्या कार्डांना मिळणार नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा.
आणि यूट्यूबवाल्यांबद्दल म्हणताय तर, ही गोष्ट आजची नाही. लोकी नावाची कंपनी १९९८ पासून विकतचे गेम लिनक्सवर आणत होती, क्वेक ३ सुद्धा आणला, पण घेणारे फार थोडे, २००२ च्या सुरुवातीला बंद पडली. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, २०१५ मध्ये लिनक्सवाले गेमिंग पीसी, म्हणजे स्टीम मशीन आल्या, त्याही चालल्या नाहीत कारण गेम कंपन्या लिनक्ससाठी वेगळा गेम बनवायला तयार नव्हत्या. मग ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन काढलं आणि तो प्रश्नच निकाली निघाला, विंडोजचाच गेम आहे तसा चालवायचा. २०२२ मध्ये हातात धरून खेळायचं, लिनक्सवर चालणारं स्टीम डेक आलं तेव्हापासून कंपन्या स्वतःहून तपासायला लागल्या. मी हे सगळं उभं राहताना बघितलंय, म्हणून कुणी 'लिनक्सवर गेम नसतात' म्हटलं की मला राहवत नाही.

खारेगाव_९०:
निकाली कुठे निघाला? सगळी मदार एका कंपनीवर. उद्या व्हॉल्व्हने हात काढून घेतला तर?

जुना_पेंग्विन:
तर सोर्स उघडा आहे, दुसरं कुणीतरी पुढे नेईल. प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं, आणि वाइन १९९३ पासून चालू आहे, व्हॉल्व्हच्या जन्माआधीपासून.

ऐरोलीची_सई:
मिंटवर मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट छान चालतं, कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडायचा की झालं. कॅफेत फॉर्म भरायला येणाऱ्यांनाही उपयोग होईल.

कोपरीकर:
सई ताई, त्यांचा गेम अडकलाय. घणसोली, डिस्कचं विचारलं होतं मी.

घणसोली_कॅफे:
डी ड्राइव्हवर आहेत, विंडोजवाल्याच. परत पाचशे जीबी कोण डाउनलोड करणार, म्हणून मिंटमधल्या स्टीमला तोच फोल्डर दाखवला.

कोपरीकर:
सापडलं! ती डिस्क एनटीएफएस आहे, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमधली. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी खोटा सी ड्राइव्ह तयार करतो, त्यात कोलन असलेली नावं येतात आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. वर विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर लिनक्सला त्या डिस्कवर लिहिताच येत नाही. म्हणून दोन सेकंदांत बंद पडतं. एक छोटा गेम घ्या, मिंटच्या पार्टिशनवर हलवा आणि बघा.

खारेगाव_९०:
हलवायची गरज नाही, तो खोटा सी ड्राइव्ह ज्यात असतो तो कॉम्पॅटडेटा फोल्डर फक्त मिंटच्या पार्टिशनवर नेऊन लिंक करायचा. माझ्या घरी तसंच आहे.

कोपरीकर:
घरी एका मशीनवर ठीक आहे हो. कॅफेत दहा मशीन, दिवसभर पोरं बटण दाबून बंद करणार, तिथे दोन सिस्टिमची एकच डिस्क नको. लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये करून टाका. डाउनलोडही एकदाच करा, स्टीम शेजारच्या मशीनवरून गेम नेटवर्कवर ओढून घेतं.

घणसोली_कॅफे:
झालं!! जीटीए फाइव्ह हलवला, आधी व्हल्कन शेडर्सची, म्हणजे ग्राफिक्सच्या तयारीची पट्टी आली, मला वाटलं परत अडकलं, पण बसून राहिलो आणि रात्री पावणेएकला गेम उघडला. स्टोरी मोड एकदम स्मूथ. आता उद्या सगळ्या मशीनवर मिंट टाकतो. व्हॅलोरंट स्टीमवर दिसत नाही, ते कुठून घ्यायचं? सत्तर टक्के पोरं तेच खेळतात.

कोपरीकर:
थांबा थांबा, हे आधी सांगायला हवं होतं! व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. त्याचं चीटिंग पकडणारं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, प्रोटॉन तिथपर्यंत पोचत नाही. फोर्टनाइट नाही, पबजी नाही, एपेक्स २०२४ पर्यंत चालायचं ते कंपनीने बंद केलं. जीटीए ऑनलाइनसुद्धा सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय हे अँटीचीट आल्यापासून नाही.

जुना_पेंग्विन:
आणि मला याचंच वाईट वाटतं. बॅटलआय आणि ईझी अँटीचीट दोघांनीही २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली, पण ती उघडायची की नाही हे गेम कंपनीच्या हातात. एल्डन रिंगने उघडली, बाकीचे चीटिंगचं कारण देतात. विकतच्या गेमचं लिनक्सवरचं गाडं आज इथे रुतलंय, ड्रायव्हरमध्ये नाही.

माजिवडा_गेमर:
अजून एक, घरच्या स्टीम अकाउंटवर कॅफे चालवू नका, कॅफेसाठी स्टीमची वेगळी पीसी कॅफे योजना आहे, लायसन्स तिथून घ्या.

घणसोली_कॅफे:
बरं झालं विचारलं, नाहीतर उद्या दहाही फॉरमॅट केल्या असत्या. मग असं करतो, सहा मशीन विंडोज १० वरच ठेवतो व्हॅलोरंटसाठी, चार मिंट, त्यावर काउंटर स्ट्राइक २, डोटा २ आणि स्टोरीवाले गेम. पण त्या सहांचं किती दिवस चालेल?

कोपरीकर:
मायक्रोसॉफ्टचे जास्तीचे सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण ते घरगुती वापरासाठी, धंद्यासाठी वेगळी फी आहे, ती आधी बघा. आणि त्या चार मशीनचा डी ड्राइव्ह फॉरमॅट करण्याआधी पोरांचे सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळला त्याच्या फाइल, बाजूला काढून घ्या.

घणसोली_कॅफे:
सेव्ह कुठे असतात?