विषय: दोन सीटांची गाडी आणि लहान मुलं, मुंबईत कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी,

आम्ही जूनमध्ये यूके सोडून मुंबईला परत आलो, सध्या वरळीला आहोत. यूकेतल्या मराठी मंडळींच्या या मेल लिस्टवरून नाव काढलेलं नाही, कारण गणपतीच्या आणि दिवाळी अंकाच्या मेल वाचल्याशिवाय आम्हाला दोघांनाही करमत नाही. आज मात्र विचारायचंय ते वेगळंच आहे.

महिन्यापूर्वी मी एक सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीट, वरचं छप्पर उघडतं, कॉलेजपासूनचं स्वप्न होतं आणि इथे एका ओळखीच्या माणसाकडे बऱ्या किमतीत मिळाली म्हणून घेऊन टाकली. घरात दुसरी गाडी आहे, साधी हॅचबॅक, पण ती बायको रोज ठाण्याला ऑफिसला नेते. म्हणजे सकाळी लेकीला प्रभादेवीला पाळणाघरात सोडायचं तर माझ्याकडे हीच गाडी उरते. लेक 14 महिन्यांची आहे, साडेनऊ किलो, आणि मुलगा साडेपाच वर्षांचा. मुलगा रोज विचारतो बाबा रविवारी कोस्टल रोडला कधी नेणार.

सासूबाई म्हणतात मी बसते की तिला मांडीवर घेऊन, दहा मिनिटांचा तर रस्ता. ज्याच्याकडून गाडी घेतली तोही म्हणाला इथे सगळे असंच नेतात. मला ते पटत नाहीये पण नक्की काय करायचं तेही कळत नाहीये. कोणी दोन सीटांच्या गाडीत बेबी सीट लावली आहे का? कुठली घ्यावी?

– वरळीहून

* * *

> सासूबाई म्हणतात मी बसते की तिला मांडीवर घेऊन

अरे दादा, आधी हे थांबव मग बाकीचं बोलू. मी इथे लेस्टरला बारा वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आणि हे एक वाक्य मी आपल्या किती घरांतून ऐकलंय ते विचारू नकोस. आजीचं प्रेम कमी असतं असं कोणीच म्हणत नाहीये, पण धडक बसते तेव्हा हात उपयोगाचेच नसतात. आजीने पट्टा लावलाय आणि बाळ मांडीवर, तर बाळ हातातून सुटून डॅशबोर्डवर जातं. आजी आणि बाळ दोघांना मिळून एकच पट्टा लावला तर आजीचं सगळं वजन बाळावर येतं, पट्टा आणि आजी यांच्यामध्ये ते चेपलं जातं. हे दुसरं जास्त वाईट, आणि लोकांना ते जास्त सेफ वाटतं.

आता लेकीचं. 14 महिन्यांच्या बाळाची सीट मागे तोंड करूनच हवी, यात माझ्या मते चर्चाच नाही. या वयात डोकं शरीराच्या मानाने केवढं मोठं असतं (जन्मताना तर उंचीचा चौथा हिस्सा डोकंच असतं) आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड करून बसवलं तर पट्टे धड धरून ठेवतात आणि डोकं तेवढं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर पाठ, मान, डोकं सगळं मिळून सीटच्या पाठीत दाबलं जातं, एकट्या मानेवर काही येत नाही. युरोपात आर १२९ म्हणजे आय-साइझ (मुलांच्या सीटचा तिकडचा सुरक्षा नियम) पाळणाऱ्या सीटमध्ये 15 महिने पूर्ण होईपर्यंत पुढे तोंड करायला परवानगीच नाही, आणि स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत असंच बसवतात.

आणि इथेच तुझ्या गाडीची गोची आहे. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगच्या समोर कधीही, म्हणजे कधीही, ठेवायची नाही. यूकेत तो गुन्हा आहे. सन व्हायजर खाली करून बघ, बेबी सीटवर लाल फुली मारलेलं चित्र असेल, ते हेच सांगतंय. तुझ्या गाडीत मागची सीटच नाही, त्यामुळे कुठली सीट घेऊ हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघ की पॅसेंजरची एअरबॅग बंद करता येते का.

– लेस्टरची ताई

* * *

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी काही वर्षं एअरबॅगच्या कंट्रोल युनिटवर काम केलंय (कव्हेंट्रीला) म्हणून थोडं सविस्तर लिहितो, मेल लांब झाली तर माफ करा.

एअरबॅग म्हणजे मऊ उशी हा गैरसमज आहे. ती मऊ असते ती पूर्ण फुगून हवा सोडायला लागल्यावर. त्याआधी ती डॅशबोर्डचं झाकण फोडून बाहेर येते, पूर्ण फुगायला साधारण 30 ते 40 मिलिसेकंद लागतात, आपली पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात तिचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. मोठा माणूस डॅशबोर्डपासून लांब असतो म्हणून त्याच्यापर्यंत पोचेतो ती फुगलेली असते. मागे तोंड केलेल्या सीटची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेली असते आणि त्या पाठीला टेकलेलं बाळाचं डोकं. म्हणजे बॅग तिच्या सगळ्यात जोराच्या क्षणी तिथे आदळते. 1990 च्या दशकात अमेरिकेत अशी बाळं दगावली, आणि धडका अशा होत्या की गाडीतली मोठी माणसं स्वतः दार उघडून बाहेर आली. त्यानंतरच तिकडे मुलांना मागे बसवा ही मोहीम सुरू झाली. दोन सीटांच्या गाड्या आणि पिकअप ट्रक यांना मागे बसवायला जागाच नाही म्हणून 1995 मध्ये तिथे अशा गाड्यांना एअरबॅग बंद करायचा स्विच द्यायची परवानगी मिळाली.

तर तुम्ही हे करा. पॅसेंजरचं दार उघडा आणि डॅशबोर्डच्या त्या कडेला बघा, दार बंद असताना जी झाकली जाते ती बाजू. काही गाड्यांत तिथे चावी घालायचं छोटं भोक असतं, काहींमध्ये ग्लव्ह बॉक्समध्ये. चावी फिरवली की समोर एअरबॅग ऑफचा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. पोर्शेच्या काही दोन सीटांच्या गाड्यांमध्ये आयसोफिक्सचे हुक (बेबी सीट थेट गाडीला अडकवायचे) आणि हा स्विच नवीन गाडी बुक करतानाच ऑप्शन म्हणून घ्यावे लागायचे, पहिल्या मालकाने घेतले नसतील तर नाहीत. त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कोणाच्या गाडीत आहे म्हणून तुमच्या गाडीत असेल असं धरू नका. मॅन्युअल काढा आणि तुमच्या गाडीत बघा.

काही गाड्यांत स्विच नसतो, सीटखालचा सेन्सर वजन बघून आपोआप ठरवतो. त्यावर विसंबून बाळाला ठेवायला माझं मन धजत नाही. सीटचं वजन, बाळाचं वजन, पट्टा किती घट्ट ओढलाय, बाळाची बॅग खाली ठेवली का, सगळ्याचा परिणाम होतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये मागे तोंड केलेल्या सीटला स्पष्ट परवानगी नसेल तर नाही म्हणजे नाही.

आणि हात जोडून सांगतो, कोणी मेकॅनिक म्हणाला की फ्यूज काढून टाकू किंवा कनेक्टर सोडवून ठेवू, तर करू देऊ नका. त्या युनिटवर ड्रायव्हरची एअरबॅग असते, बाजूच्या असतात, पट्टा खेचून घेणारं प्रीटेन्शनर असतं. एक बंद करायला जाल आणि सगळंच जाईल, आणि कळणार कधी, तर धडक बसल्यावर.

मांडीचा हिशोबही देतो. 50 च्या वेगातली गाडी दशांश सेकंदात थांबली असं धरलं तर साडेनऊ किलोचं बाळ त्या क्षणी 130 किलोच्या वर ओढ देतं, आणि ही सरासरी आहे. 50 चा वेग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका. कोस्टल रोडला 80 ची मर्यादा आहे, तिथे ऊर्जा याच्या अडीचपट होते.

– कव्हेंट्री

* * *

चि. वरळीकर,

मी 1998 मध्ये परत आलो, दादरला असतो, लिस्टवर सहसा वाचतो फक्त. आज लिहितो कारण मी ती मांडी आहे.

आमच्या लहानपणी गाडीत पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं काढून उभं राहायचं, आणि नातू झाला तेव्हा मीही त्याला तसाच मांडीवर घेऊन पुढे बसायचो. 2009 सालची गोष्ट, तो दीड वर्षाचा होता, मुलगा गाडी चालवत होता, शिवाजी पार्कवरून घरी येत होतो, वेग 30 सुद्धा नसेल. समोर एक मुलगा सायकल घेऊन आडवा आला, ब्रेक लागला, धडक वगैरे काहीच नाही, फक्त ब्रेक. मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं हो. तरी त्याचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं, चार टाके पडले. तो आता उंच झालाय, केस वर केले की खूण दिसते, त्याला काही आठवत नाही. मला त्या हातांतून तो निसटल्याचं अजून जाणवतं. सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा, म्हाताऱ्याचं म्हाताऱ्याला पटतं. हवं तर मी फोन करतो.

इथल्या कायद्याचं लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 194 ब कलम आलं, 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर चालवणाऱ्याला 1,000 रुपये दंड. सायरस मिस्त्रींच्या अपघातानंतर 2022 च्या नोव्हेंबरपासून मुंबईत मागे बसणाऱ्यांनाही पट्ट्याची सक्ती आहे. स्कूटरवरच्या चार वर्षांखालच्या मुलांना सुद्धा हार्नेस, हेल्मेट आणि 40 ची वेगमर्यादा लावलीय. सिग्नलला उभं राहून बघितलं तर यातलं किती पाळलं जातं ते दिसतंच, पण इथे असंच चालतं हे त्या गाडी विकणाऱ्याने सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं असं होऊ नये. तुम्ही तिकडे हॉस्पिटलमधून बाळाला घरी आणलंत ते सीटमध्येच ना? विमानातून उतरल्यावर बाळाची मान काही बदलत नाही.

– दादरचे काका

* * *

एक राहिलं, मुलाबद्दल कोणी लिहिलं नाही.

साडेपाच वर्षांचं मूल पुढच्या सीटवर पाठवाल्या बूस्टरमध्ये (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी सीट) बसू शकतं, यूकेत कायद्याने चालतं, पण घरात मागची सीट असलेली गाडी उभी असताना मी तरी नेणार नाही. न्यायचंच झालं तर मॅन्युअल परवानगी देतंय का बघ, सीट पार मागे सरकव म्हणजे डॅशबोर्डपासून शक्य तितकं अंतर राहील. स्पोर्ट्स कारच्या सीटची अडचण अशी की दोन्ही बाजूंना उंच कडा असतात, बूस्टर त्यांच्यात सपाट बसतच नाही, अधांतरी राहतो. हेडरेस्ट सीटमध्येच बसवलेली असते, ती बूस्टरच्या पाठीला पुढे ढकलते. आणि पट्टा मागून खालून येतो तो खांद्यावर न बसता दंडावर घसरतो. खांद्याच्या मधोमध आणि खाली मांड्यांच्या वर, पोटावर नाही, असा बसत नसेल तर ती सीट त्या गाडीला लागत नाही, ब्रँड कितीही महाग असू दे. सीट विकत घेण्याआधी गाडीत लावून बघू देतील अशाच दुकानात जा. लावल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलव, इंचभराच्या वर हलली तर लागलेली नाही.

दोघांना एकदम न्यायचा तर विषयच नको. सीटांच्या मागे जी फळी असते तिथे मूल बसवलेले फोटो मी पाहिलेत, पोटात गोळा येतो.

– ताई

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी रात्री मेल वाचल्या आणि शनिवारी सकाळी सात वाजता खाली पार्किंगमध्ये गेलो, बायको पण आली. डावीकडचं दार उघडून डॅशबोर्डची कड बघितली, ग्लव्ह बॉक्स बघितला, स्विच नाही. आयसोफिक्सचे हुकही नाहीत. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्येच होतं, पॅसेंजर सीटच्या पानावर ते लाल फुलीचं चित्र. सर्व्हिसिंग करणाऱ्याला फोन केला तर तो खरंच म्हणाला की कनेक्टर काढून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. आदल्या रात्री कव्हेंट्रीची मेल वाचली नसती तर मी कदाचित हो म्हणालो असतो, हे लिहितानाही कसंतरी होतंय.

तर लेक या गाडीत बसणार नाही. बायकोनेच तोडगा काढला, आठवड्यातले तीन दिवस ती ट्रेनने जाईल आणि हॅचबॅक घरी राहील, उरलेले दोन दिवस तीच ठाण्याला निघायच्या आधी लेकीला सोडेल. हॅचबॅकला मागे आयसोफिक्स आहे, यूकेहून आणलेली सीट लेकीला त्यात मागे तोंड करून छान बसते. मुलाचा बूस्टर घेऊन खाली गेलो तर ताई म्हणाल्या तेच, कडांवर अधांतरी. तो रडला थोडा. त्याला गाडी धुवायला दिली आहे, आणि रविवारी चौघं हॅचबॅकने वरळीहून मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन आलो, मागे बहीणभाऊ आपापल्या सीटमध्ये आणि मध्ये सासूबाई, पट्टा लावून. काका, त्यांना तुमची मेल वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्या मुलाला फार लागलं होतं का एवढं विचारलं.

एक विनंती. लेकीची सीट 13 किलोपर्यंतचीच आहे. डिसेंबरमध्ये यूकेहून मुंबईला कोणी येतंय का? चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून चालेल अशी आर १२९ ची सीट मी ऑर्डर करून तुमच्या पत्त्यावर पाठवतो, पैसे आधीच देतो.

– वरळीहून

* * *

आम्ही 19 ला निघतोय, धाकटा बरोबर आहे, आमची एअरलाइन मुलाची कार सीट वेगळे पैसे न घेता नेते आणि आमची स्वतःची आणणार नाहीये, तेव्हा तुझी आणते. मूळ खोक्यातच पॅक करून पाठवायला सांग, विमानतळावर सामानाच्या बेल्टवर आदळआपट होते. आणि घेण्याआधी हॅचबॅकचं मॉडेल आणि साल कळव, सपोर्ट लेगवाली (गाडीच्या तळाला टेकणारा पाय असलेली) सीट घेतली आणि तुझ्या गाडीत पायाखाली सामान ठेवायचा कप्पा असला तर ती लावता येणार नाही.

– ताई