मदत हवी आहे: स्ट्रॉबेरीच्या रसात मॅलिक ॲसिडचं रीडिंग स्थिरच होत नाही

प्रयोगवही:
नमस्कार मंडळी. पिकण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या स्ट्रॉबेरीतल्या साखरा आणि आम्लं मोजतोय. एचपीएलसी (घटक वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) हाताशी नाही, त्यामुळे एन्झाइम किट आणि ३४० नॅनोमीटरवर स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र). गोठवलेली फळं वितळवून गर काढतो, सेंट्रिफ्यूज करतो आणि वरचा रस डायल्यूट करून घेतो.

ग्लुकोज-फ्रुक्टोज झकास येतं. हेक्झोकायनेज एन्झाइम घातलं की रीडिंग चढून थांबतं, मग आयसोमरेज घातलं की फ्रुक्टोजची पायरी. सायट्रिकचीही तक्रार नाही.

अडलंय ते एल-मॅलिकपाशी. मॅलेट डीहायड्रोजनेज (मॅलिकवर काम करणारं एन्झाइम) घातल्यावर रीडिंग भरकन चढतं, पण सपाट व्हायचं नाव नाही, मुंगीच्या पावलांनी वर जातच राहतं. १० मिनिटांनी एक उत्तर, २० मिनिटांनी दुसरं. स्टँडर्डमध्ये (माहीत प्रमाणाच्या शुद्ध द्रावणात) असं होत नाही. लाल पिकलेल्या फळांत त्रास जास्त, पांढरट कच्च्यांत जवळजवळ नाहीच.

शिवाय सुक्रोज. एकाच नळीतला रस सकाळी आणि दुपारी मोजला की दुपारी सुक्रोज कमी. किटमधलं इन्व्हर्टेज (सुक्रोज फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करणारं एन्झाइम) मेलं असेल का? नवं किट मागवायची परवानगी मिळवणं हा वेगळाच प्रयोग आहे, म्हणून आधी इथे विचारतोय.

क्युव्हेट३४०:
लाल-पांढऱ्याचा फरक तुम्हीच लिहिलाय, त्यातच उत्तर आहे. मॅलिकची चाचणी साधारण पीएच १० ला चालते. तिथे ॲन्थोसायनिन, म्हणजे फळाचा लाल रंग, निळसर-हिरवट होऊन हळूहळू बिघडत जातं, आणि त्या बदलाचा काही भाग ३४० वरही दिसतो. ग्लुकोजला हा त्रास नाही, कारण साखर भरपूर म्हणून तिथे रस कितीतरी पट डायल्यूट होतो. मॅलिक कमी, म्हणून रस दाट ठेवावा लागतो आणि रंगही दाटच राहतो.

खात्री करायची तर त्याच नमुन्याची दुसरी क्युव्हेट (मोजणीची छोटी पारदर्शक नळी) लावा. सगळं घाला, फक्त शेवटचं डीहायड्रोजनेज नको, त्याऐवजी तेवढंच पाणी. ती क्युव्हेटही तितक्याच वेगाने सरकली तर दोष रंगाचा. मग पीव्हीपीपी (रंग धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) वापरा: १० मिली रसाला ०.२ ग्रॅम, ५ मिनिटं जोरात हलवून गाळून घ्या. तरी थोडं सरकलंच, तर ठरावीक अंतराने रीडिंग घ्या, सरळ रेष मागे ओढत एन्झाइम घातल्याच्या क्षणापर्यंत न्या आणि तिथलं मूल्य धरा. २० व्या मिनिटाचा आकडा थेट सूत्रात घालू नका.

बाकावरचा:
सुक्रोजसाठी किटला दोष देण्याआधी सकाळ-दुपारचं मोकळं ग्लुकोज शेजारी शेजारी लिहा, तेही मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या हिशोबात. सुक्रोज जितकं घटलं तितकंच ग्लुकोज आणि तितकंच फ्रुक्टोज वाढलं असेल, तर फळातलंच इन्व्हर्टेज नळीत काम करतंय. किटचं इन्व्हर्टेज मेलं असतं तर मोकळं ग्लुकोज जागेवर राहिलं असतं आणि सुक्रोजचं स्टँडर्डही कमी आलं असतं.

गोठवल्याने एन्झाइम मरत नाही, वितळताना तर त्याला रानच मोकळं. फळ वितळू देऊ नका. गोठलेली पूड थेट गरम ८० टक्के इथेनॉलमध्ये टाका, नंतर इथेनॉल उडवून पाण्यात घ्या. नुसता आंबट रस उकळत ठेवण्याचा शॉर्टकट नको, आम्ल आणि उष्णता मिळून सुक्रोज तसंही फोडतात.

प्रयोगवही:
दोघांचे आभार. डीहायड्रोजनेज न घातलेली क्युव्हेट लावली. लाल रसात तीही तशीच सरकते, म्हणजे रंगच. वहीतलं ग्लुकोजही दुपारी वाढलेलं दिसतंय. आता एकच शंका: पीव्हीपीपी रंगाबरोबर थोडं मॅलिकही ओढून घेत नसेल ना?

क्युव्हेट३४०:
तुमच्याच रसावर तपासा. एका भागात माहीत असलेलं मॅलिक आधी मिसळा, दुसरा भाग तसाच ठेवा, दोन्हींना पीव्हीपीपी द्या. फरक मिसळलेल्याइतका आला की बिनधास्त पुढे जा. कमी आला तर पीव्हीपीपी कमी करून पुन्हा बघा.