उत्तर: पूररेषेतल्या घरांचं पुनर्वसन

'कोल्हापुरातली पूररेषेतली घरं उठवा, सगळ्यांना शहराबाहेर फ्लॅट द्या' अशी सूचना आलीय, त्याला हे उत्तर. पूररेषेतली म्हणजे पुराचं पाणी पोचतं त्या पट्ट्यातली. धोक्याबद्दल वादच नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तेच. पण फ्लॅटमध्ये म्हैस कुठं बांधायची, हे कुणीच विचारलेलं नाही.

२०२१ च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या मित्राकडं सामान हलवायला गेलो होतो. त्याच्या वडिलांनी टीव्ही, कपाट काही बघितलं नाही. आधी चार म्हशी सोडल्या, गुडघाभर पाण्यातनं वर रस्त्याला आणून बांधल्या, मग घराकडं वळले. गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढून दूध विकतात ती हीच माणसं. कट्टा चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणूनच तो धंदा टिकलाय. बापट कॅम्पातल्या कुंभारांचंही तसंच, गणपतीच्या मूर्तींना अंगण आणि शेड लागते, आणि पूर नेमका गणपतीच्या तोंडावर येतो.

त्यात १९७२ पासून शहराची हद्द वाढलेली नाही. म्हणजे जागा शोधायची ती आजूबाजूच्या गावांत, आणि त्या गावांना गायरान सोडायचं नाही, त्यांचंही चुकीचं नाही. तरी जागा शोधायचीच तर गोठा आणि शेड धरून शोधा, आणि नकाशा काढायच्या आधी या लोकांना बोलवा.