बापूंना स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबायचा आजार) निघालाय, मशीन लावल्यावर विसरणं कमी होतं का?

अहमदपूरकर

नमस्कार मंडळी. आमचे बापू ६३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले, आता शेती बघतात. घोरणं त्यांचं पहिल्यापासूनच, माय म्हणते लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकायले, त्यामुळं घरात कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण वर्षभरापासून लई विसरायलेत. बोअरची मोटर चालू ठेवून घरी येतात, खताच्या दुकानाची एकच उधारी दोनदा देऊन आले (दुकानदार भला माणूस, त्यानं स्वतः फोन करून सांगितलं). आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे एकादशीच्या भजनात, चाळीस वर्षं म्हणत आलेल्या अभंगाचं पुढचं चरण त्यांना आठवंना. मधीच थांबले, टाळ खाली ठेवले अन् घरी येऊन रात्रभर कुणाशी बोलले नाहीत.

दिवसा कुठंबी बसले की डुलकी. बीपीच्या दोन गोळ्या चालू असून बीपी खाली येईना, रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात. शुगर बघितली, प्रोस्टेट बघितलं, काही निघालं नाही. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी (रात्रभर झोपेची तपासणी) करायला लावली. एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, ३८ आलाय, ऑक्सिजन सगळ्यात खाली ७१ टक्क्यांपर्यंत गेलता. डॉक्टर म्हणाले सिव्हिअर आहे, सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, लावावंच लागेल. बापू मास्क बघूनच नाही म्हणायलेत. मामा म्हणतात वय झालं की माणूस विसरतोच, सोयाबीनला भाव नाही अन् तुम्ही चाळीस-पन्नास हजार कशात घालायलात.

पैशाचं मी बघून घेईन. मला एवढंच विचारायचंय की हे विसरणं खरंच झोपेमुळं आहे का, अन् मशीन लावल्यावर माणूस परत पहिल्यासारखा होतो का? ज्यांनी घरात अनुभवलंय त्यांनी सांगा.

आडतवाला, अंबाजोगाई

भाऊ, मी स्वतः चार वर्षं झाली मशीन लावतो, तेव्हा माझं वय ४९ होतं. माझंही असंच, दिवसभर आडतीवर बसून डोकं जड, सकाळी उठलो की डोकं ठणकायचं, हिशोबाच्या आकड्यात चुका व्हायल्या, आणि मला वाटायचं टेन्शननं होतंय. एक दिवस लातूरहून मोटारसायकलवर येताना डोळा लागला, गाडी रस्ता सोडून शेतात गेली, नुकतं नांगरलेलं रान होतं म्हणून वाचलो. त्या दिवशी बायको मला धरून दवाखान्यात घेऊन गेली कारण रात्री माझा श्वास थांबतो हे तिलाच माहीत होतं, ती कितीतरी रात्री मला हलवून जागं करत होती.

माझा एएचआय ४४ होता. मशीन लावलं अन् दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला असं काही नाही बरं का. पहिले पंधरा दिवस मी रात्री झोपेत मास्क काढून फेकायचो. पण तिसऱ्या आठवड्यात एका रात्री सहा तास लागोपाठ राहिला आणि सकाळी उठलो तर डोकं दुखत नव्हतं. कितीतरी वर्षांनी. आठवणीचं म्हणाल तर मला फरक कळायला तीनेक महिने लागले, आधी दिवसाची झोप गेली, मग चिडचिड गेली, मग आकडे जागेवर आले. बापूंना लावाच, अन् तोवर त्यांना एकट्याला गाडीवर पाठवू नका.

परभणीची लेक

माझ्या सासऱ्यांना असंच होतं, आम्ही त्यांना अनुलोम-विलोम अन् नाकात तूप सोडायला सुरू केलं, वजनही चार किलो कमी झालं, घोरणं बरंच कमी झालं. आधी हे करून बघायला काय हरकत आहे? मशीन एकदा लागलं की आयुष्यभर लागतं असं ऐकलंय म्हणून भीती वाटते.

रात्रपाळी, संभाजीनगर

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मूळची नांदेडची. रात्रभर लोकांना झोपेत बघायचं हेच माझं काम. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

ताई, वजन कमी करणं चांगलंच, प्राणायामानं मन शांत होतं तेही खरं, पण घोरणं कमी झालं म्हणजे ॲप्निया कमी झाला असं धरू नका, परत टेस्ट केल्याशिवाय ते कळत नाही. आणि सवय लागण्याचं म्हणाल तर चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी चष्मा टाळत नाही. मशीन बंद केलं तर माणूस होता तिथं परत येतो, मशीनमुळं जास्त बिघडत नाही.

आता भाऊ तुमच्या बापूंचं. एएचआय ३८ म्हणजे दर तासाला सरासरी ३८ वेळा श्वास पूर्ण थांबतो किंवा अर्धवट होतो, प्रत्येक वेळी कमीत कमी १० सेकंद. ३० च्या वर गेलं की सिव्हिअर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदूला धोका कळतो, तो माणसाला अर्धवट जागं करतो, घशातून मोठा आवाज येऊन श्वास सुरू होतो, अन् परत तेच. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. म्हणून बापू म्हणत असतील की मी तर छान झोपतो, तर ते खोटं बोलत नाहीत.

दिवसभरात जे ऐकलं-बघितलं ते मेंदू झोपेत पक्कं करतो, अन् त्याला गाढ झोप आणि स्वप्नांची झोप सलग लागते. ती तासाला ३८ वेळा तुटली तर पक्कं कधी होणार? वरून ऑक्सिजन रात्रभर खालीवर. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग ऑक्सिजनच्या बाबतीत फार नाजूक असतो. बीपी गोळ्यांना दाद देईना तेही ह्याचंच लक्षण असू शकतं, अन् रात्रीची लघवी पण. श्वास अडला की छातीत ओढ बसून हृदयावर ताण येतो, मग हृदय एक हार्मोन सोडतं ज्यानं लघवी जास्त तयार होते.

परत येतं का, तर बरंचसं येऊ शकतं, पण खात्री कुणी देऊ नये. इटलीत मिलानला सिव्हिअर ॲप्नियाच्या १७ जणांचे एमआरआय उपचाराआधी अन् नंतर काढले होते. तीन महिन्यांनी मेंदूच्या करड्या भागात सुधारणा दिसली, ते २०११ ला छापून आलं. पांढरा भाग, म्हणजे मेंदूतली जोडणीची वायरिंग, त्याला वेळ लागला, ती वर्षभरानं जवळपास सावरली, ते २०१४ ला आलं. माणसं थोडी होती हे लक्षात ठेवा. दुसरीकडं अमेरिकेत हजारावर लोकांवर सहा महिने मोठा अभ्यास झाला, अर्ध्यांना खरं मशीन, अर्ध्यांना दिसायला तसंच पण दाब नसलेलं. त्यात २०१२ ला निकाल आला की झोपाळूपणा कमी होतो, पण स्मरणशक्तीत सरसकट मोठा फरक दिसला नाही.

मग फरक कुठं पडतो तर किती तास लावता त्यात. २००६ चा एक अभ्यास मी प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना सांगते. ज्यांची स्मरणशक्ती टेस्टमध्ये खरंच कमी आली होती असे ५८ जण, तीन महिने मशीन. सहा तासांच्या वर लावणाऱ्यांतले ६८ टक्के स्मरणशक्तीत नॉर्मलला आले, दोन तासांपेक्षा कमी लावणाऱ्यांतले फक्त २१ टक्के. म्हणून मशीन घेऊन कपाटावर ठेवलं तर मामाच बरोबर ठरतील.

आणि एक, बी-१२ अन् थायरॉईड तपासून घ्या, आपल्याकडं शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असतं अन् त्यानंही विसरायला होतं. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यानं घसा अजून सैल पडतो. दारूनंही तेच.

हिंगोली कळमनुरी

वहिनी-ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त गावाकडच्या अडचणी सांगतो, माझ्या आईला दोन वर्षं झाली मशीन आहे. ह्युमिडिफायरच्या (मशीनची हवा ओलसर करणाऱ्या) भांड्यात बोअरचं पाणी अजिबात टाकू नका, आपल्याकडच्या पाण्यात क्षार एवढा की महिन्याभरात पांढरा थर बसतो, मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा. लाईटचं मोठं दुखणं आहे. इनव्हर्टरवर मशीन चालतं, पण ह्युमिडिफायरचा हीटर बंद ठेवला तर बॅटरी कितीतरी जास्त पुरते.

आणि मास्क. आम्हाला जिथून मशीन घेतलं तिथं नुसता खोका हातात दिला, माप घेतलं नाही, आईला मोठा मास्क आला, रात्रभर हवा डोळ्यात जायची अन् तिनं महिनाभर मशीन सोडून दिलतं. दुसरीकडून नाकापुरता छोटा मास्क घेतला तर आता स्वतःहून लावते. बापूंना मिशा असतील तर लावून, आडवं झोपवून, मशीन चालू करून बघितल्याशिवाय मास्क घेऊ नका. आधी दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास लावायची सवय करा. जमलं तर आधी महिनाभर भाड्यानं घ्या.

अहमदपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहायलो. बी-१२ खरंच खूप कमी निघालं, इंजेक्शन चालू केलेत. मशीन भाड्यानं आणलं. बापू आधी ऐकायलाच तयार नव्हते, मग मी मोबाईलवर त्यांचा रात्रीचा व्हिडिओ काढून दाखवला, श्वास थांबतो ते. तीनदा बघितला त्यांनी. काही बोलले नाहीत, पण रात्री स्वतः मायला म्हणाले "आण ते इकडं".

आता मशीनच्या स्क्रीनवर साडेपाच तास सरासरी दिसायले, एएचआय ४ च्या आत. रात्री एकदाच उठतात. विसरणं आहे अजून, कालच चष्मा शोधत होते, आणि इंजेक्शनचा गुण की मशीनचा हे मला सांगता येणार नाही. पण दुपारी डुलक्या नाहीत अन् नातवाचे पाढे घ्यायलेत संध्याकाळी. भजनाला अजून गेले नाहीत. नाकाच्या दांडीवर मास्कचा लाल वण पडायला, त्याला काय करावं?

रात्रपाळी, संभाजीनगर

वाचून फार बरं वाटलं भाऊ. पट्टे जास्त आवळले असतील, दोन्ही बाजूंनी सारखे थोडे ढिले करा अन् मशीन चालू असताना झोपूनच ॲडजस्ट करा, बसून नाही. मास्कचा रबरी भाग रोज सकाळी सौम्य साबणानं धुवा, चेहऱ्याचं तेल बसलं की तो सरकतो अन् मग माणूस आवळत जातो. कातडी फुटली तर डॉक्टरांना दाखवा, दुसऱ्या आकाराचा मास्क लागेल. साडेपाचचे साडेसहा तास करायचेत आता, पहाटे लघवीला उठल्यावर परत लावत नसतील तर तिथंच तास जातोय, मायला सांगा तेवढं लक्ष ठेवायला.